पोटदुखी

माझी मोठी वहिनी दोन कामं मन लावून करते. एक शिवणकाम आणि दुसरं हेवा. पहिल्याचे पैसे मिळतात, दुसरं ती फुकट करते. मी तिची नणंद. नणंदेनं भावजयीबद्दल लिहायला घेतलं की लोक आधीच एकमेकांकडे बघून हसतात. हसा बापडे. पण तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही, माझा दादासुद्धा नाही. तो तिचा नवरा आहे, त्याला ओळखायची कधी गरजच पडली नाही.

दुसऱ्याचं बरं झालेलं बघवलं नाही की पोटात दुखतं म्हणतात. वहिनीच्या पोटात बारमाही दुखायचं. समोरच्या चष्मेवाल्यानं दुकानाला नवी काच बसवली, हिच्या पोटात दुखलं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचं वजन उतरलं, दुखलं. माझ्या थोरल्याला पहिल्याच झटक्यात नोकरी लागली तेव्हा तिनं त्याची पाठ थोपटली आणि मग दुपारभर मशीनवर दोरा तोडत बसली. मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणे, "दोरा कच्चा आलाय." दोरा चांगला पक्का होता.

एक मात्र खरं, तिच्यात लपवाछपवी नव्हती. तोंडावर गोड आणि पाठीमागे विष असलं तिला जमायचं नाही. "तुझं बाई नशीब जोरावर," असं ती तोंडावर म्हणायची, वर जळजळीत नजर टाकायची, आणि आठवड्यानं न मागता तुमच्या कोटाचं फाटलेलं अस्तर बदलून द्यायची. अशा माणसावर नीट रागावताही येत नाही. मी तरी प्रयत्न पुष्कळ केला.

आमचं दुकान म्हणजे घराच्या खालची लांबट खोली. पुढे काचेचं दार, मध्ये कापायचं टेबल, भिंतीशी दोन मशीन, मागे माप घ्यायला पडदा. वहिनी कापते आणि शिवते. काजं, बटणं, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी भांडणं ही खाती माझ्याकडे. मुख्य काम शाळेच्या गणवेशांचं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. मूल वाढलं की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची, तोच कपडा पुन्हा बसतो. कुठलाही शिंपी बोटभर माया ठेवतो, वहिनी दोन बोटं ठेवायची. तिनं शिवलेला फ्रॉक दोन वर्षं हटायचा नाही. एकदा एक बाई मापं देता देता हसून म्हणाली, "स्वतःला नाही ना, म्हणून लोकांच्या पोरांवर एवढी माया." वहिनीनं तिचं कापड घडी करून तिच्या हातात परत दिलं. "तुमच्या मापाचं काम मला जमायचं नाही," म्हणाली. ती बाई पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही.

स्वतःला नाही, हे मात्र खरं होतं. लग्नानंतर दोन वर्षांनी, सव्विसाव्या वर्षी, वहिनीच्या पोटात गाठ निघाली. घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नाही. सगळ्यांना 'पिशवी काढली' एवढंच सांगितलं. पिशवी काढलेल्या बायका आमच्या गल्लीत तीनचार होत्या, सगळ्या पन्नाशी उलटलेल्या, त्यामुळे कुणी जास्त खोदून विचारलं नाही. प्रत्यक्षात गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं, सगळंच काढलं होतं. ती भुलीत होती. बाहेरच्या बाकावर डॉक्टर, माझे वडील आणि दादा अशा तिघांचं बोलणं झालं आणि तिथंच ठरलं. तिघांनी मिळून तिचा जीव वाचवला. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी तेव्हा पाळी चुकली म्हणून एकमेकींच्या कानात कुजबुजत होत्या, आणि हिची कायमची गेली. तरण्याताठ्या बाईच्या अंगातून वाफा निघायच्या. भर थंडीत दुकानातला पंखा चालू असायचा आणि गिऱ्हाइकं शाल घट्ट करून माप द्यायची. त्याच साली मला दुसरा मुलगा झाला. ती बघायला आली नाही. झबली शिवून पाठवली, इतकी सुबक की दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पत्ता विचारला. पोरगा पाऊल टाकायला लागला तेव्हा पहिल्यांदा आली आणि त्याच्या तोंडाकडे न बघता बाह्या बघितल्या. "आखूड झाल्यात," म्हणाली, आणि त्याच्या अंगातला सदरा काढून घेऊन गेली.

मग पाच वर्षांपूर्वी धाकटी आली, माझ्या धाकट्या भावाची बायको. शाळेच्या ऑफिसात कामाला, केस जाड, हसणं मोठं, आणि आमचा धाकटा, जो स्वतःचा डबा कधी उचलायचा नाही, तो तिची पर्स खांद्याला लावून मागे चालायचा. वहिनीनं पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, "हिला कपड्याची घडी घालता येत नाही." धाकटी तिला ताई म्हणायची आणि मनापासून म्हणायची, तो आणखी एक गुन्हा. तिच्याच ओळखीनं शाळेच्या गणवेशांचं सगळं काम आमच्याकडे आलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "उपकार करते काय माझ्यावर?" आणि शिवायला बसली. धाकट्या दोघांना मूल हवं होतं. बरेच महिने उलटले तरी काही नव्हतं. दर महिन्याला धाकटीचा चेहरा उतरला की वहिनीचा आवाज जरा मऊ व्हायचा, हे मी टिपून ठेवलं होतं.

आणि मग गेल्या वर्षी धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. वहिनीच्या दुखतं तसं नव्हे, खरोखरचं. स्कॅन झाला, रक्त तपासलं. एका अंडाशयात गाठ होती आणि ती साधी दिसत नव्हती. धाकटा दुकानात येऊन कापायच्या टेबलाला टेकून रडला. मी त्याला जवळ घेतलं आणि त्याच्या खांद्यावरून माझी नजर वहिनीवर गेली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला दुःख म्हणता येणार नाही. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या माणसाला अचानक आपल्या गावचं कुणी भेटावं, तसं काहीतरी होतं. क्षणभरच. पण मी नणंद आहे, मला क्षणभर पुरतो.

पुढचे दिवस तिनं धाकटीचं जे केलं ते सख्ख्या आईनं केलं नसतं. दुकान दुपारी बंद ठेवून तिच्याबरोबर तपासण्यांना गेली. तिच्या खोलीतले पडदे धुतले. तिच्यासाठी दोन सैल सुती गाऊन शिवले, अगदी स्वतःच्या गाऊनसारखे, खिसा उजवीकडे. आणि शेजारी बसून तिला शिकवायला लागली. "अंगातून वाफ निघाली की मनगटावर गार पाणी सोडायचं. गळाबंद कपडे टाकून दे. गुडघे आत्ताच जपायला लाग, नंतर फार बोलतात. आणि बारशाबिरशाची बोलावणी येतील, तेव्हा ताप आला म्हणायचं. दोनदा म्हटलं की तिसऱ्यांदा बोलवत नाहीत." धाकटी ऐकून घ्यायची आणि पांढरीफटक पडायची. मी एकदा म्हटलं, "अगं, अजून ऑपरेशन व्हायचंय तिचं." वहिनी म्हणाली, "तयारी असलेली बरी. माझी करून घ्यायला कुणी नव्हतं." तिचं बोलणं प्रेमाचंच होतं. अठरा वर्षांनी तिला सोबत मिळत होती.

ती सोबत एका संध्याकाळी सुटली. धाकटा आणि धाकटी मोठ्या डॉक्टरबाईंना दाखवून आले आणि दारातूनच धाकटा म्हणाला, "त्या म्हणतात एकच बाजू काढू. दुसरी ठेवता येईल. गर्भाशयपण. म्हणजे पुढे मूलसुद्धा होऊ शकेल."

दादा ताडकन उठून उभा राहिला. वहिनीच्या हातात चहाचा कप होता, तो तिनं खाली ठेवला.

"कोण म्हणालं?"

"डॉक्टरबाई."

"वय काय तिचं?"

"असेल चाळिशीची. का गं, वहिनी?"

"काही नाही. बोलायला काय जातंय तिचं." मग ती धाकटीकडे वळली. "सगळं काढून टाक. मुळात ठेवायचं कशाला? गवत उपटताना कुणी अर्धं ठेवतं का? मी बघ, सगळं काढलं, आज तुझ्यासमोर उभी आहे. मेलीस तर ते गर्भाशय काय चाटायचंय?"

आता या बाबतीत आमच्या घरात वहिनीच्या शब्दापुढे कुणाचा शब्द चालणार? तिनं भोगलेलं होतं आणि ती जिवंत होती. दादा खाली बसला. "ती म्हणते त्यात तथ्य आहे," म्हणाला. धाकट्यानं मान हलवली. खरं तर त्या घटकेला सगळ्यांना हायसंच वाटलं, कारण एवढा मोठा धोंडा कुणालाच डोक्यावर नको होता आणि वहिनीनं तो आपणहून उचलला होता. शेवटी धाकटी म्हणाली, "ताई सांगतील तसं करू. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मी उठून सगळ्यांचे कप गोळा करायला लागले. मला राग आला होता, पण तो कुठे टाकावा ते कळेना. कारण वहिनीचं म्हणणं बरोबरही असू शकत होतं. मी कुठली डॉक्टर!

दुसऱ्या दिवशी दुकानात फ्रॉकची थप्पी कापून ठेवलेली होती. मी इस्त्री तापवत होते. एक तुकडा सहज हातात घेतला आणि उलटा करून बघितला. मग दुसरा घेतला, मग तिसरा. तिनं सगळे तुकडे खडूच्या रेषेवर कापले होते. दोन बोटं सोडायची तिथे दोन दोरे सोडले नव्हते. शिवण मारायची तर फ्रॉक मापालाही अपुरे पडणार होते, वाढायची बात दूरच.

"वहिनी, माया कुठंय?"

तिनं वर बघितलं, थप्पीकडे बघितलं. आपण काय केलंय ते तिला तेव्हाच कळलं असावं. पण कबूल करेल तर ती वहिनी कसली.

"असू दे. ज्याला वाढायचंय त्यानं नवीन शिवावं."

"हे फ्रॉकबद्दल बोलतेस ना?"

"वन्सं, तुम्ही तुमची काजं करा."

एरवी ती मला अगं म्हणते. वन्सं आणि तुम्ही निघालं की समजायचं, आता भडका. मी इस्त्रीचं बटण बंद केलं. म्हटलं, होऊन जाऊ दे.

"सगळं काढ म्हणालीस ते तिच्या जिवासाठी म्हणालीस का?"

"मग कुणाच्या?"

"तू सांग."

तिनं हातातली कात्री टेबलावर आपटली. चष्मेवाला काचेतून बघायला लागला. "तिला विचारतायत गं!" ती ओरडली. "खुर्चीवर बसवून, कागदावर चित्र काढून विचारतायत, बाई, तुमचं काय ठेवू आणि काय काढू! मला उठल्यावर सांगितलं. तेसुद्धा तुझ्या आईनं, सफरचंद कापता कापता. तिला मूल होईल न होईल, ते कुणी बघितलंय? मला त्याचं काही नाही. पण तिला विचारलं! ती कोण लागून गेली? माझ्यात काय कमी होतं, की मला कुणी एका शब्दानं विचारू नये?"

मला वाटत होतं ती धाकटीच्या होणाऱ्या मुलावर जळतेय. तिला हेवा वाटत होता तो त्या प्रश्नाचा. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून काजं केली आणि मला हे कळलं नव्हतं.

"उद्या त्यांना पुन्हा जायचंय," मी म्हटलं. "तूपण चल. त्या बाईला जे विचारायचं ते तोंडावर विचार."

"येणारच आहे. कुठे चुकते तेच बघते."

डॉक्टरबाईंच्या खोलीत आम्ही पाचजण मावेना. दादा बाहेर बाकावर बसला, बाकावर बसायची त्याला सवयच होती. बाई सडपातळ, शांत, डोळ्यांखाली काळं. वहिनीनं आधी त्यांचा पांढरा कोट बघून घेतला आणि माझ्या कानात म्हणाली, "खांदा उतरलाय, दिसत नाही का हिला?" मी तिला कोपरखळी मारली.

धाकट्यानं सुरुवातच चुकीची केली. "माझ्या वहिनीची पिशवी काढलेली आहे, डॉक्टर. ती ठणठणीत आहे. म्हणून आम्ही म्हणत होतो..."

"पिशवी म्हणजे फक्त गर्भाशय? की अंडाशयंही?"

धाकटा वहिनीकडे बघायला लागला. तो तेव्हा शाळेत होता, त्याला जे सांगितलं तेच तो आजवर धरून बसला होता.

"सगळं," वहिनी म्हणाली. "झाडून सगळं. आणि पिशवीचं नव्हतं ते, कॅन्सर होता. बोला आता."

हा शब्द तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला. धाकटीनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि डॉक्टरबाईंची उलटतपासणी सुरू केली.

"एकच बाजू काढायची म्हणता. दुसरीत नाही कशावरून?"

"स्कॅनमध्ये ती बाजू स्वच्छ दिसतेय. पण मी फक्त स्कॅनवर विसंबणार नाही. पोट उघडल्यावर सगळीकडे बघणार. गाठ काढली की लगेच तपासायला पाठवणार, आणि पोटातलं पाणी, आतल्या पडद्याचे तुकडे हेही तपासायला घेणार. कुठे पसरलेलं दिसलं तर ठेवायचा प्रश्नच नाही, मग सगळं काढावं लागेल. त्याला यांची आधीच तयारी हवी."

"म्हणजे माया ठेवून कापायचं," वहिनी म्हणाली.

बाईंना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. त्या हसल्या, मग मान हलवून म्हणाल्या, "अगदी तसं नाही हो. कापडात माया ठेवली तर नुकसान काहीच नसतं. इथे जे ठेवू त्यात रोग पुन्हा येऊ शकतो. शक्यता थोडी, पण आहे. म्हणून नुसतं ठेवून चालत नाही. वरचेवर तपासण्या कराव्या लागतात, वर्षानुवर्षं. मुलं झाल्यावर उरलेलं काढायचं का, ते तेव्हा बघायचं."

"मग सगळं काढलेलं काय वाईट? घोर तरी मिटतो."

"सगळं काढलं तरी घोर पूर्ण मिटत नाही. आणि रोग जर खरंच पहिल्या पायरीवर, एकाच बाजूला असेल, तर एक बाजू ठेवलेल्या आणि सगळं काढलेल्या बायका साधारण सारख्याच जगतात, असं आजवर दिसलंय. खात्री कुणालाच देता येत नाही. मीही देत नाही."

वहिनी थांबली. ती चूक शोधायला आली होती आणि बाई तिच्या हाताला लागत नव्हती. मग तिनं तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ती खरी आली होती.

"माझं ठेवता आलं असतं का?"

डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. "तुमचं पोट मी बघितलेलं नाही. दोन्हीकडे असेल तर त्यांनी केलं तेच योग्य होतं. एकाच बाजूला असेल तर... त्या काळात ठेवायला फार कमी डॉक्टर तयार व्हायचे. मला खरंच सांगता येणार नाही. कुणालाच आता सांगता येणार नाही."

मग त्यांनी धाकटीला विचारलं, "तुमचं काय ठरतंय?"

"ताई सांगतील तसं," धाकटी म्हणाली.

वहिनी उठली आणि दार उघडून सरळ बाहेर गेली. मी मागोमाग गेले. बोळाच्या टोकाला पाण्याचा नळ होता. तिथे उभी राहून ती मनगटावर पाणी सोडत होती.

"आता काय?" मी विचारलं.

"मला ती मरायला नकोय," ती म्हणाली. पाण्याकडेच बघत होती. "तुझ्या मुलांची शप्पथ, नकोय. पण ती माझ्यासारखी व्हायला हवी होती. मी गाऊनसुद्धा शिवले. आता सांग, मी सगळं काढ म्हणते ते कुठून येतं? मलाच कळेना झालंय."

"कळत नसेल तर नको सांगूस," मी म्हटलं.

तिनं नळ बंद केला आणि हात तसेच ओले घेऊन ती परत खोलीत आली. बसली नाही. धाकटीच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

"हे बघ, सगळं काढ म्हणाले ते विसर. तुझ्या भल्याचं होतं की नाही, मला माहीत नाही. मला तुझा हेवा वाटतो. चांगला सडकून वाटतो. हेवा करणाऱ्याला वाट विचारू नये, तो स्वतः पडला त्याच खड्ड्याकडे बोट दाखवतो."

धाकटा आ वासून बघत राहिला. धाकटीचे डोळे भरले. "मग मी कुणाला विचारू, ताई?"

"कुणालाच नको. मी तुला विचारते. तुला काय हवंय?"

धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं.

"त्याच्याकडे नको बघूस. तुला काय हवंय?"

डॉक्टरबाईंनी फोन वाजला तो बंद केला.

"मला ठेवायचंय," धाकटी म्हणाली.

"आणि पसरलेलं निघालं तर?"

"तर काढा. सगळं काढा." ती डॉक्टरबाईंना म्हणाली, पण बघत होती वहिनीकडे. "पण उठल्यावर मला काय केलं ते ताईंनी सांगायचं. दुसऱ्या कुणी नाही."

वहिनीनं मान डोलावली.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळे त्याच बाकावर होतो. धाकटा येरझाऱ्या घालत होता, दादा हातांची बोटं मोडत होता. वहिनी माझ्या शेजारी ताठ बसली होती. मधेच म्हणाली, "तुला काय वाटतं, मी देवाजवळ काय मागत असेन आत्ता?" मी म्हटलं, "मला नाही विचारायचं." "बरं आहे," ती म्हणाली. "एरवी नको तिथं विचारतेस." खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. काढावं लागलं तर धाकटीची, आणि नाही लागलं तर हिची.

डॉक्टरबाई टोपी काढत बाहेर आल्या. गाठ कॅन्सरचीच होती, पण एका बाजूतच, अखंड. दुसरीकडे कुठेही काही दिसलं नाही. पक्का रिपोर्ट यायला दिवस लागतील, पण दुसरी बाजू आणि गर्भाशय ठेवलंय. धाकटा माझ्या गळ्यात पडला. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. वहिनी तेवढी जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, मी बघितली, पण आनंद शोधून सापडला नसता.

"नक्की ना?" तिनं विचारलं. "मला तिला सांगायचंय."

धाकटी शुद्धीवर आली तेव्हा वहिनी आत गेली. मी पायथ्याशी उभी राहिले. धाकटीच्या ओठांना कोरड पडली होती, डोळे अर्धे मिटलेले, पण त्या अर्ध्या डोळ्यांनी ती वहिनीचं तोंड वाचायचा प्रयत्न करत होती. वहिनी खाली वाकली.

"एक बाजू काढली," ती म्हणाली. "दुसरी आहे. गर्भाशय आहे. जागच्या जागी आहे सगळं. ऐकलंस?"

धाकटीनं मान हलवली आणि पाणी तिच्या डोळ्यांतून कानांकडे वाहायला लागलं. तिनं चाचपडत वहिनीचा हात धरला. भुलीतल्या जड जिभेनं म्हणाली, "ताई, पहिलं मूल तुमच्या मांडीवर देईन. तुमचंच म्हणून वाढवा."

मला वाटलं, आता ही विरघळणार. कुणीही विरघळलं असतं. वहिनीनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि आवाज न चढवता म्हणाली, "नको. तुझं तू सांभाळ. मला तुझं नको होतं गं. मला माझं हवं होतं."

धाकटीला पुन्हा झोप लागली होती. तिनं ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. पण दारात दादा उभा होता आणि त्यानं ऐकलं होतं. हे वाक्य त्यांच्या घरात इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मी बाजूला सरकले. तो आत आला, खाटेच्या पलीकडे उभा राहिला. आमचा दादा मुळात कमी बोलतो, आणि बायकोशी तर भाजी, भाडं आणि औषधं यापलीकडे नाहीच.

"किती हवी होती तुला?" त्यानं विचारलं.

वहिनीला विचार करावा लागला नाही.

"दोन," ती म्हणाली. "आधी मुलगी."